माझी हेरगिरी

मी तीन महिने हेर होतो असे सांगितले, तर आमच्या सोसायटीतली मंडळी हसतील. हसोत बापडी. सकाळी दुधाची पिशवी आणणारा, संध्याकाळी टेकडीवर फिरायला जाणारा आणि लिफ्टमध्ये सर्वांना आधी बाहेर पडू देणारा अडुसष्ट वर्षांचा गृहस्थ हेर कसा असेल? पण खरे हेर असेच दिसतात म्हणे. आणि मी ज्याच्या मागावर होतो तो कोणी परका नव्हता. ते आमचे चिरंजीवच होते.

हे घडले २०२३ सालच्या एप्रिल ते जुलै या दिवसांत. पण त्याआधी चार शब्द स्वतःविषयी सांगायला हवेत. विम्याच्या एका कचेरीत, क्लेम्स खात्यात, मी छत्तीस वर्षे काढली. लोक पैसे मागायला येत आणि त्यांचे म्हणणे खरे की खोटे हे पाहणे माझे काम. गोदाम जळाले? आधी वायरिंगचा दाखला आणा. मोटार ठोकली? मग दिवा उजवीकडचा फुटला आणि पोचा डावीकडे कसा? असे विचारता विचारता माणसाचा स्वभावच तसा होऊन बसतो. चिरंजीव लहानपणी रडत घरी आला की आमची ही आधी हळद शोधायची आणि मी आधी जखम तपासायचो. "कुठं पडलास? कसा पडलास? बरोबर कोण होतं?" पुढे पुढे तो पडल्याचे सांगेनासा झाला. मला वाटले, मुलगा आता पडत नाही.

२०१४ पासून तो मेलबर्नला आहे. संगणकाचे काहीतरी काम करतो. काय करतो ते त्याने दोनदा समजावून सांगितले आणि दोन्ही वेळा मी मान डोलावली. दर रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ-फोन येतो. आमच्या हिचे जेवणखाण, थंडी, खोकला, भांडी घासायचे यंत्र वगैरे विषय आटोपले की फोन माझ्या हाती येई. "काय, कसं काय?" "ठीक." "काम?" "चाललंय." "बरं." आणि मी फोन परत करी. या सगळ्याला वीस सेकंद लागत. मी घड्याळ लावून पाहिले आहे.

याला एकदाच अपवाद घडला होता. २०१९ साली आम्ही दोघे त्याच्याकडे दोन महिने राहून आलो. एका संध्याकाळी तो कानांना हेडफोन लावून संगणकासमोर बसला होता. पडद्यावर काळेभोर आकाश, तारे आणि एक गंजल्यासारखे दिसणारे यान. "हे काय रे?" मी सहज विचारले, आणि चिरंजीव बोलू लागले ते तासभर थांबले नाहीत!

खेळाचे नाव ईव्ह ऑनलाइन. ज्या देशाची सारी लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे त्या आइसलंडमधल्या एका कंपनीने तो २००३ च्या मे महिन्यात सुरू केला. चीनचा अपवाद सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच विश्वात असतात. तिथे हजारो सूर्य, त्यांच्याभोवती ग्रह, आणि एका सूर्याकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी दरवाजे. काही भागांत पोलीस आहेत, काही भागांत नावालाही नाहीत. खनिज खणायचे खेळाडूंनी, यान बांधायचे खेळाडूंनी, विकायचे खेळाडूंनी आणि फोडायचेही खेळाडूंनीच. एकदा फुटलेले यान पुन्हा मिळत नाही. गेले ते गेले. म्हणून नवशिक्याला पहिला धडा देतात तो असा, की जे गमावणे परवडणार नाही ते घेऊन बाहेर पडू नये.

"मग विमा नाही का?" मी विचारले. जन्माची खोड!

चिरंजीव हसत सुटला. "आहे ना बाबा!"

तो विमा ऐकून मी थक्क झालो. यान फुटले की त्याच क्षणी पैसे खात्यावर जमा. सर्व्हेअर नाही, फॉर्म नाही, पंचनामा नाही. तुम्ही झोपेत यान चालवा, वेडेपणाने शत्रूच्या घोळक्यात शिरा, हरकत नाही. विमा उतरवलाच नसेल तरी मूळ किमतीचे चाळीस टक्के हातावर ठेवतात! अट एकच. गुन्हा केला म्हणून खेळातल्या पोलिसांनी यान उडवले तर दमडी मिळत नाही; आणि ही अटसुद्धा २०११ मध्ये घातली, तोवर तेही चालत असे. आमच्या मॅनेजरसाहेबांना हे ऐकवले असते तर त्यांना तिथल्या तिथे घेरी आली असती.

त्याच बैठकीत त्याने मला २०१४ च्या जानेवारीतल्या त्या प्रसिद्ध लढाईची हकीकत सांगितली. दूरच्या एका सूर्यमालेची मालकी टिकवण्याचा हप्ता एका संघाकडून भरायचा राहून गेला. लगेच दुसरे पक्ष चालून आले. दोन्हीकडचे दोस्त धावले, आणि लढाई सुमारे एकवीस तास चालली. साडेसात हजारांहून अधिक माणसे तिच्यात उतरली. एवढ्या गर्दीचा हिशेब संगणकांना झेपेना, तेव्हा खेळातला काळच एक दशांश वेगाने चालू लागला. दहा सेकंदांचे काम शंभर सेकंदांना. टायटन नावाची सर्वांत प्रचंड याने पंचाहत्तर फुटली. खऱ्या पैशांत मोजले तर तीन लाख डॉलरांच्या आसपास नुकसान झाल्याचा अंदाज वर्तमानपत्रांनी दिला होता. आणि हे सारे कशामुळे? हप्ता चुकल्यामुळे! छत्तीस वर्षे मी लोकांना दुसरे काय सांगत होतो?

ती संध्याकाळ माझ्या मनात राहिली. परत आल्यावर पुन्हा वीस सेकंद सुरू झाले.

२०२३ च्या मार्चमध्ये ते वीस सेकंदही आखडले. लागोपाठ दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तेव्हा मागची भिंत अंधारी आणि चेहरा दाढी वाढलेला. "बरं आहे ना?" "चाललंय." आमची ही फोन ठेवल्यावर बराच वेळ भाजी निवडत बसली. निवडून झालेली भाजी तिने पुन्हा निवडली.

मग मी ठरवले. तो जिथे बोलतो तिथे जायचे.

भाच्याने एक जुना पण दणकट संगणक आणून दिला. खेळ फुकट खेळता येतो. २०१६ च्या नोव्हेंबरपासून तशी सोय आहे, फक्त मोठी याने आणि बरीचशी कौशल्ये पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवली आहेत. मला मोठे यान कशाला हवे होते? रिफ्टर नावाचे एक छोटे यान मी घेतले. कोणा भंगारवाल्याने दुपारच्या झोपेत जोडले असावे असे त्याचे रूप. मला ते आवडले. आणखी एक गोष्ट आवडली. इथे कौशल्य शिकायला लावून तुम्ही संगणक बंद केलात, जेवलात, झोपलात, तरी शिक्षण चालूच राहते. आमच्या काळी अशी सोय असती तर मी इंटर पहिल्या झटक्यात पास झालो असतो.

नाव घेतले 'ओल्ड टाइपरायटर'.

चिरंजीवाची टोळी मला मेलबर्नपासूनच ठाऊक होती. तिचे नाव इथे देत नाही. पोलीस नसलेल्या प्रदेशात राहून लढाया करणे हा तिचा धंदा. तीत दाखल होण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज पाहून मी मनातल्या मनात टोपी काढली. माझी पत्रे, जमाखर्च, मालमत्ता, आजवर कुठे कुठे होतो, सारे तपासण्याची परवानगी त्यांनी मागून घेतली. मग प्रश्नोत्तरे. त्यातला एक प्रश्न सरळ होता: तुम्ही हेर आहात काय?

त्यांचेही चुकत नव्हते. या विश्वात गोळ्यांनी मेलेल्या टोळ्यांपेक्षा फितुरीने मेलेल्यांच्याच गोष्टी जास्त चघळल्या जातात. २००९ च्या फेब्रुवारीत तिथला एक बलाढ्य संघ त्याच्याच एका अधिकाऱ्याने शत्रूशी संधान बांधून चक्क विसर्जित करून टाकला. ज्याच्याशी लढूनही काही होईना तो संघ, एक गोळी न सुटता, यादीतून नाहीसा! तेव्हापासून... खरे तर त्याच्याही आधीपासून, तिथे नव्या माणसाकडे संशयाने पाहतात. क्लेम्स खात्यातच जणू सगळी भरती.

"नाही," असे मी लिहिले. बोटे किंचित थरथरली. छत्तीस वर्षे दुसऱ्यांची खोटी निवेदने पकडणाऱ्या माणसाने आयुष्यातले पहिले लेखी खोटे निवेदन केले होते.

मायक्रोफोन बिघडला आहे, ऐकू येते पण बोलता येत नाही, असेही लिहिले. ते दुसरे खोटे. हेडफोन चिरंजीवानेच २०१९ मध्ये घेऊन दिला होता आणि त्याचा मायक्रोफोन ठणठणीत होता. पण माझे इंग्रजी एक वाक्यभर ऐकले असते तरी त्याने बाप ओळखला असता. लिहून कळवीन म्हटले. माझी टायपिंगची चाळीसची सरकारी परीक्षा झालेली आहे. चालेल म्हणाले. दोन दिवसांत मला टायपो असे नावही पडले. टायपो म्हणजे छपाईतली चूक, हे मला नंतर भाच्याने सांगितले.

टोळीच्या मोहिमा निघत त्या ऑस्ट्रेलियातल्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या दुपारी तीनच्या सुमाराला. पुण्यात त्या वेळी जागे कोण असते? ही आत पंखा लावून पडलेली, खाली वॉचमन डुलक्या घेतोय, आणि मी दार लोटून, कानांना हेडफोन लावून शत्रूच्या मुलखात चाललो आहे.

पहिल्या दिवशी हेडफोनमध्ये आवाज आला आणि मी खुर्चीत सरळ झालो. आवाज आमच्या चिरंजीवाचा होता, आणि नव्हताही. बावीस माणसांच्या तुकडीचा तो नायक होता. ऑस्ट्रेलियातले, न्यूझीलंडमधले, एक जपानात राहणारा, सगळे त्याच्या शब्दावर हलत. तो झरझर बोलत होता, मध्येच थट्टा करत होता, कोणी चुकले तर "हरकत नाही, पुढच्या वेळी" म्हणत होता. कोणाच्या बोलण्यावर तो असा मोकळा हसला, की मला एकदम तो सात वर्षांचा असतानाचे आठवले. गणपतीत आमच्या वाड्यातल्या नाटकात उंदीर झाला होता आणि शेपटी सुटून पडली तेव्हा असाच हसला होता.

त्या पहिल्या मोहिमेत दरवाजापाशी थांबा असा हुकूम असताना मी दरवाज्यातून पलीकडे उडी मारली. थांबायचे आणि जायचे बटण शेजारीशेजारी असावे याचा दोष माझा नाही. पलीकडे शत्रूची सात याने उभी. कानात आवाज आला, "टायपो, मेट, तू निघालास तरी कुठे?"

मेट! इंग्रजीत अहो-जाहो नाही ही माझी लहानपणापासूनची तक्रार. पण मुलाने बापाला 'मित्रा' म्हटलेले आमच्या सात पिढ्यांत प्रथमच घडले असेल. उत्तर टाइप करीपर्यंत माझे यान फुटले होते. विम्याचे पैसे तत्काळ जमा झाले.

मग त्याने मला शिकवले. म्हणजे टायपोला शिकवले. नवशिक्याचे काम असते पकडून ठेवण्याचे. शत्रूचे यान संकट दिसताच दुसऱ्या ग्रहाकडे झेप घेऊन निसटते. ते निसटू नये म्हणून छोट्या यानाने स्क्रॅम्बलर नावाचे यंत्र त्याच्यावर चालवायचे. त्याचा पल्ला माझ्याकडे होता जेमतेम साडेसात किलोमीटर, आणि तिथल्या हिशेबाने साडेसात किलोमीटर म्हणजे गळामिठी. सरळ रेषेत धावून गेलात तर तोफा टिपतात. म्हणून बाजूने, वळसा घेत जायचे आणि जवळ पोचलात की घिरट्या घालायच्या. मोठ्या यानाच्या तोफा जड, त्यांना तितक्या लवकर वळता येत नाही. डोक्याभोवती फिरणारी माशी मारायला कोणी कुऱ्हाड घेतली तर काय होईल तसे. तेवढ्यात आपले मोठे लोक येऊन काम उरकतात. "तू बहुतेक मरशीलच," तो मला म्हणाला, "पण अर्धा मिनिट धरून ठेवलंस तर तू तुझं काम केलंस. तुझ्या यानाची किंमत टोळी भरून देईल. त्याची काळजी तू करू नकोस."

एवढी निःशंक भरपाई मी आयुष्यात कोणाला दिली नव्हती.

मे महिन्यात मी पहिले यान धरले. माझ्या दहापट मोठे होते. तेवीस सेकंद मी त्याच्याभोवती गरगरलो, घाम मनगटापर्यंत आला, आणि सगळे येऊन पोचले. "शाबास टायपो!" कानात एकदम दहाबारा आवाज. त्यातला एक मी वेगळा काढून ठेवला. आतून हिने विचारले, "काय हो, पडलं का काही?" मी म्हटले, "नाही, मांजर."

आता साडेचारची गोष्ट. खेळाचे घड्याळ सर्वांसाठी एकच, ग्रिनिचचे. आणि रोज तिथल्या अकरा वाजता सारे विश्व देखभालीसाठी बंद होते. पूर्वी चांगला तासभर बंद असे, आता पाचदहा मिनिटांत उरकते. युरोपातल्या लोकांना याचे काही वाटत नाही, ते तेव्हा कामावर असतात. पण ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात, ऐन खेळाची वेळ. आणि पुण्यात साडेचार. म्हणजे विश्व बंद व्हायला आणि आमच्याकडे चहाचे आधण ठेवायला एकच गाठ.

पडदा बंद झाला तरी बोलण्याची व्यवस्था निराळी असल्यामुळे ती चालू राहते. पानाच्या दुकानाशी थांबावे तशी मंडळी तिथे थांबून गप्पा मारतात. कोणाच्या मुलीला दात येताहेत, कोणाच्या घराचे भाडे वाढले. मी आल्याचा चहा पीत ऐकत असे. हिला वाटे मी भजने ऐकतो आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अशाच वेळी न्यूझीलंडच्या एकाने विचारले, "तुझ्या नोकरीचं काही झालं का?" आणि आमचा चिरंजीव म्हणाला, "नाही रे. चार महिने झाले. परवा एका ठिकाणी शेवटच्या दोघांत होतो. दुसऱ्याला घेतलं." दुसऱ्याने विचारले, "घरी सांगितलंस?" तो जरा थांबला. "आईला सांगितलं तर ती रडेल. वडिलांना सांगितलं तर..." आणि मग तो हसला, पण ते उंदराच्या शेपटीचे हसणे नव्हते. "वडिलांना सांगितलं तर ते कागदपत्रं मागतील."

सगळे हसले. बशीत ओतलेल्या चहावर साय धरेपर्यंत मी तसाच बसून होतो.

पुढच्या रविवारी फोन आला. "काम?" "चाललंय." मी "बरं" म्हटले. मला ठाऊक होते की तो खोटे बोलतो आहे, आणि हे मला ठाऊक असण्याचा मला हक्क नव्हता. सरळ विचारावे, तर कसे कळले म्हणून सांगू? पैसे पाठवावेत, तर कशासाठी? हिला सांगावे, तर ती त्याच क्षणी फोन लावणार. हेराची नोकरी कठीण असते ती यामुळे. माहिती काढणे सोपे. ती खिशात घेऊन जेवायला बसणे अवघड. मी रोज दुपारी तीनला हजर राहून शत्रूची याने धरीत राहिलो. दुसरे काही हातात नव्हते.

जुलैत एका शनिवारी माझी नेमणूक टेहळणीवर झाली. तुकडी शेजारच्या सूर्यमालेत गेली होती, तिथे शत्रूची दोन मोठी याने सापडली होती. मी मागे राहून दरवाजावर नजर ठेवायची. दरवाजापासून एकशे साठ किलोमीटरवर मी एकटाच उभा होतो. पलीकडे लढाई जुंपली. कानात नुसता गोंगाट. आणि माझ्या यादीत नावे वाढू लागली. पाच, बारा, एकोणीस... सगळी तांबडी. मी मोजले, चाळीस. ती दोन मोठी याने म्हणजे पिंजऱ्यातले खोबरे होते तर!

मी टाइप केले. चाळीसच्या वेगाने, चुका न करता. उत्तर नाही. पुन्हा टाइप केले. लढाईच्या धुमाळीत लिहिलेले कोण वाचतो? जन्मभर मी फायलींवर शेरे लिहिले, ते तरी कोणी वेळेवर वाचले? चाळीस याने दरवाजाकडे सरकत होती. आणखी पंधरा सेकंदांत ती पलीकडे पोचणार होती.

मी बोलण्याची कळ दाबली. मनात इंग्रजी वाक्य तयार होते, खरेच तयार होते. तोंडातून आले ते असे: "बाळ्या, पळ! चाळीस आलेत, चाळीस! तुझ्या दारात आहेत!"

सगळा गोंगाट एकदम थांबला. विसाएक माणसे, चार देशांतली, गप्प. मग आवाज आला, मराठीत, अगदी बारीक: "किती म्हणालात?"

"चाळीस."

"सगळे थांबवा, चौथ्या ग्रहाकडे, आत्ता, माझ्याबरोबर," हे इंग्रजीत. आणि त्याने तुकडी उचलली. दोघे अडकले ते गेले. बाकीचे सुटले. मी ते नकाशावर पाहत होतो, त्यामुळे माझ्यावर धावून आलेले चपळ यान मला दिसलेच नाही. आधी माझे यान फुटले, मग यान फुटल्यावर आत राहते ते अंड्यासारखे कवच. मी दूरच्या स्थानकात नव्या देहाने जागा झालो. विमा जमा.

कानात कोणीतरी विचारत होते, "ही कुठली भाषा?" चिरंजीवाने उत्तर दिले नाही. तो निघून गेला होता.

अर्ध्या तासाने मला खेळातले छापील पत्र आले: टोळीतून आपले नाव कमी करण्यात येत आहे. कारण दिले नव्हते. द्यायला हवे होते असे मी म्हणणार नाही.

रात्री मी हिला सारे सांगितले. ती रडली नाही. "तीन महिने तुम्ही त्याचा आवाज रोज ऐकत होतात," ती म्हणाली, "आणि मला रविवारची वाट पाहायला लावलीत." यावर मला उत्तर सुचले नाही. ते अजून सुचलेले नाही.

तो रविवार फोनाशिवाय गेला. त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला. त्याने आईला स्वतःच सगळे सांगितले, नोकरी कधी गेली, किती ठिकाणी अर्ज केले, शिल्लक किती उरली. तिने मध्ये एकदाही विचारले नाही. मग फोन माझ्याकडे आला. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत बसलो. दाढी केलेली होती.

"तुम्ही सगळं ऐकलंत," तो म्हणाला.

"हो."

"ते कागदपत्रांचं पण?"

"हो."

तो बराच वेळ बोलला नाही. मला पुष्कळ विचारायचे होते. कंपनीने नोटीस किती दिवसांची दिली, पत्र लेखी आहे का, थकबाकी मिळाली का. जिभेवर आलेले सर्व प्रश्न मी गिळले. माझ्या वयाच्या माणसाला ते सोपे नाही.

"दरवाजापासून किती लांब होतात?" त्याने अचानक विचारले.

"एकशे साठ."

"फार जवळ. अडीचशे तरी पाहिजे. आणि एका जागी उभं राहायचं नाही बाबा. सारखं हलत राहायचं, तोंड दुसऱ्या ग्रहाकडे करून. म्हणजे कुणी अंगावर आलं की लगेच झेप घेता येते."

"मला कोणी सांगितलं नव्हतं."

"मी सांगितलं होतं. मे महिन्यात. टायपोला."

मग तो बोलत राहिला. ती दोन मोठी याने आमिष आहेत हे त्याला आधी कसे कळायला हवे होते, तुकडीतले कोण कसे निसटले, न्यूझीलंडच्या त्या माणसाने आता 'पळ' हा शब्द पाठ केला आहे आणि संकट आले की तोच ओरडतो. ही दोनदा येऊन कुकर झाल्याचे सांगून गेली. मी घड्याळ पाहिले नाही.

शेवटी तो म्हणाला, "पुन्हा यायचं असेल तर नव्यानं अर्ज करा. नियम सगळ्यांना सारखा. आणि माइक चालू ठेवायचा."

मी अर्ज केला. तोच फॉर्म, तेच प्रश्न. 'तुम्ही हेर आहात काय?' यापुढे लिहिले, 'होतो. एप्रिल ते जुलै.' मायक्रोफोनच्या रकान्यात 'चालू' लिहिले. हिच्या सांगण्यावरून शेरा या रकान्यात एक ओळ वाढवली: 'साडेचारच्या सुट्टीत सौभाग्यवतीही पाच मिनिटे बोलतील.'

अर्ज मंजूर व्हायला अकरा दिवस लागले. क्लेम्स खात्यात आम्ही याहून लवकर निकाल देत होतो. पण त्यांनी तपास बारकाईने केला असणार, म्हणून मी तक्रार केली नाही.